पार्षद ताईंचा निरोपाचा सत्कार : मानपत्रात काय लिहावं, काय टाळावं?

रामबागकर (धागाकर्ता)
राम राम मंडळी. इंदुरातल्या आमच्या वॉर्डाच्या पार्षद (म्हणजे नगरसेविका) ताई नगर निगमाच्या (महापालिकेच्या) 2010, 2015 आणि 2022 अशा तीन परिषदांवर निवडून आल्या. 2027 मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा उभं राहायचं नाही, असं त्यांनी समितीला कळवलंय. मोहल्ला समितीने सत्काराचं ठरवलं. माणसं साधारण 200.

समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो शाल, नारळ, साडी, जेवण, झालं. दुसरा म्हणतो मानपत्र असं द्या की वीस वर्षांनी भिंतीवर वाचलं तरी बाईंनी नेमकं काय केलं ते कळावं. पहिला मसुदा असा सुरू होतो : "17 वर्षांच्या अखंड जनसेवेनंतर सेवानिवृत्त होत असलेल्या, वॉर्डाच्या लोकमाता…" इथेच गाडी अडली आहे. मजकूर, कागद, परवानग्या, कार्यक्रमाचा क्रम, खाणं, ज्याला जे माहीत असेल ते सांगा.

जिरावन
इंदुरात लोकमाता एकच, अहिल्याबाई. राजवाड्यासमोर पुतळा आहे. तेवढा शब्द आधी काढा, बाकीचं पोह्यांवर बोलू.

आरटीआय_आजोबा
एका ओळीत तीन चुका आहेत. एकेक घेतो.

"17 वर्षं" : 2027 मधून 2010 वजा केले की 17, ही वजाबाकी बरोबर आणि हिशेब चूक. 2015 च्या परिषदेची मुदत 2020 च्या फेब्रुवारीत संपली. पुढची निवडणूक झाली 2022 च्या जुलैत. मधली सुमारे अडीच वर्षं निगमावर प्रशासक होते, शहरात एकही पार्षद नव्हता. म्हणजे पदावरची वर्षं 15.

"अखंड" : वरच्याच कारणाने गेला.

"सेवानिवृत्त" : पार्षद नोकरीत नसतो, त्याला निवृत्ती नाही. "कार्यकाळ पूर्ण करून" असं लिहा.

स्नेहलतागंज
आजोबा, हिशेब मान्य, पण ती अडीच वर्षं म्हणजे बहुतांशी कोरोनाचाच काळ. लोक दारात जायचे ते पार्षद म्हणूनच जायचे, शिक्का चालत नव्हता तरी. ती वर्षं पुसून टाकणं म्हणजे उलटा अन्याय.

आरटीआय_आजोबा
पुसू नका, वेगळी लिहा. "15 वर्षं पदावर, आणि मधली अडीच वर्षं पदाशिवाय." एकत्र मिसळलं की दोन्हींची किंमत कमी होते. पद नसताना केलेल्या कामाला सही लागत नाही, म्हणून त्याचा कागदही निगमात मिळणार नाही. ते लोकांकडूनच लिहून घ्यावं लागेल.

खपली_गहू
शब्दांचाच विषय निघालाय तर "पूर्व पार्षद" हेही टाळा. हिंदीत ते बरोबर. मराठीत वाचणारा विचारेल, मग पश्चिमेचा पार्षद कोण? "माजी" लिहा.

जिरावन
"भूतपूर्व" तर त्याहून वाईट. बाई समोर बसलेल्या, आणि सुरुवात भुतापासून.

मोडी_वाचक
मसुद्याचा मोठा धोका क्रियापदांत असतो. "त्या सदैव हसतमुख होत्या, गोरगरिबांसाठी झटत होत्या, त्यांची दारं सर्वांना उघडी होती." सगळं "होत्या"मध्ये गेलं की सत्कारमूर्तीला आपलाच तेराव्याचा कार्यक्रम पाहिल्यासारखं वाटतं. कामं भूतकाळात लिहा, माणूस वर्तमानकाळात ठेवा. आणि मंचामागच्या फलकावर ताईंचा मोठा फोटो लावून त्याला झेंडूची माळ घालणाऱ्या उत्साही मंडळींना वेळीच आवरा.

लांबी : 150 शब्द, फार तर 180. मोठ्याने नीट वाचायला दीड ते दोन मिनिटं लागतात. 400 शब्दांचं मानपत्र वाचणारा दुसऱ्या परिच्छेदाला धावायला लागतो आणि श्रोते पोह्यांच्या वासाकडे वळतात. विशेषणं जास्तीत जास्त तीन. उरलेल्या जागेत नामं आणि आकडे.

रामबागकर (धागाकर्ता)
आकडे आणायचे कुठून? ताईंच्या घरी भूमिपूजनाच्या फोटोंचे तीन अल्बम आहेत. त्यावरून यादी केली तर?

आरटीआय_आजोबा
भूमिपूजनावरून यादी कधीच करू नका. नारळ फुटला म्हणजे काम झालं असं नाही. कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघाला, ठेकेदार आला नाही, दोन वर्षांनी काम दुसऱ्याच निधीतून झालं, असं सर्रास होतं. कोनशिलेवरची तारीखही बहुधा भूमिपूजनाचीच असते. तुम्हाला हवी कामाच्या पूर्णतेची तारीख.

मार्ग सरळ आहे. माहितीच्या अधिकारात निगमाच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे (माहिती अधिकाऱ्याकडे) अर्ज, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "पार्षदांनी केलेल्या कामांची माहिती द्या" असं मोघम विचारलं तर मोघम उत्तर येईल. असं विचारा : अमुक आर्थिक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत पार्षद निधीतून मंजूर कामांची यादी, प्रत्येकाचं नाव, मंजूर रक्कम, कार्यादेशाचा दिनांक, पूर्णतेचा दिनांक, अंतिम देयकाची रक्कम. सोबत कागदपत्रांचं अवलोकनही मागा. फाइल समोर बसून पाहिली की कोणत्या पानांच्या प्रती लागतात ते कळतं, नाहीतर 600 पानांचं शुल्क भरून 590 पानं रद्दी घरी येते.

सगळ्यात मोठा खड्डा वॉर्ड क्रमांकाचा. 2010 च्या परिषदेत इंदूरचे वॉर्ड 69 होते. 29 गावं निगमात आली आणि 2015 च्या निवडणुकीआधी परिसीमन (वॉर्डांची फेररचना) होऊन ते 85 झाले. क्रमांक बदलले, हद्दी बदलल्या. आजच्या क्रमांकाने 2011 ची कामं मागाल तर दुसऱ्याच मोहल्ल्यातली नाली ताईंच्या नावावर चढेल. कॉलनी आणि गल्लीच्या नावाने मागा, शेजारी कंसात जुना आणि नवा, दोन्ही क्रमांक द्या.

सुदामानगरी
वरचा प्रतिसाद जपून ठेवला. वॉर्ड क्रमांकाची गफलत शहरातल्या निम्म्या फलकांवर सापडेल.

खानदानी_इंदुरी
मला मूळ कल्पनाच पटत नाही. पार्षदाला मानधन मिळतं, निधी मिळतो, गाडीवर पाटी मिळते. नाली साफ करवून घेणं हे काम होतं, उपकार नव्हते. पोस्टमनने पत्र टाकलं म्हणून आपण मानपत्र देतो का? आणि अहिल्याबाईंच्या राज्यात आज्ञा निघायच्या त्या "श्री शंकर" नावाने, स्वतःच्या नव्हे. इथे लोकांना बाकड्यावरही स्वतःचं नाव लागतं.

स्नेहलतागंज
पोस्टमनलाही द्यायला हवं. तेवढंच तुमचं चुकलं.

मोडी_वाचक
खानदानी, तुमच्या आक्षेपातच उत्तर आहे. मोघम स्तुती केली की ते उपकाराचं गुणगान होतं. "गल्ली 3 ते 7 मधली ड्रेनेज लाईन बदलली" असं लिहिलं की ती कामाची पोच होते. पोच द्यायला काय हरकत? पाटीवर नाव नको यावर मात्र पूर्ण सहमत. जिवंत माणसाचं नाव बगिच्याला किंवा रस्त्याला देण्याचा ठराव कोणी मांडलाच तर समितीनेच नको म्हणावं. उद्या नवी परिषद ते बदलेल आणि अपमान ताईंचा होईल.

निर्मळ_वॉर्ड
श्रेयाबद्दल थोडं. कारण मानपत्रं फसतात ती इथेच.

"ताईंनी वॉर्डात नर्मदा आणली" असं लिहू नका. नर्मदा इंदुरात आली 1978 मध्ये, 1970 च्या नागरिक आंदोलनानंतर, जलूदहून. ते श्रेय त्या पिढीचं. पार्षदाच्या हातात असतं ते गल्लीतलं : वितरणाची लाईन कुठून जाईल, शेवटच्या घरापर्यंत दाब पोहोचतो का, पाणी कोणत्या वेळेला सुटतं, उन्हाळ्यात टँकर कोणत्या चौकात उभा राहतो.

"इंदूरला स्वच्छतेत पहिलं आणलं" हेही नको. 2017 पासूनचा पहिला नंबर सफाई मित्रांचा (सफाई कामगारांचा), निगमाच्या यंत्रणेचा आणि घरोघरी ओला-सुका वेगळा करणाऱ्यांचा. पार्षदाने काय केलं असेल? कचरापेट्या उचलल्यानंतर मोकळ्या प्लॉटवर कचरा टाकणाऱ्यांशी रोज भांडण घेतलं असेल, बॅकलेन (घरांमागची गल्ली) साफ करताना तिथली अतिक्रमणं काढायला लोकांना राजी केलं असेल. त्यात मतं जातात. ते लिहा. ज्या कामाने मतं गेली असती आणि तरी केलं, ते मानपत्राचं खरं वाक्य.

ड्रेनेजचं काम असेल तर लांबी मीटरमध्ये, पाइपचा व्यास मिलिमीटरमध्ये, चेंबरची संख्या. हे तीन आकडे आले की वाक्याला वजन येतं. आणि ड्रेनेज व नर्मदेची लाईन एकाच खंदकात असलेली जुनी जागा सुटी करून घेतली असेल तर ते पहिल्या ओळीत टाका. चेंबर तुंबतं तेव्हा पाइपाभोवतीची माती घाण पाण्याने भिजते, आणि नळाच्या वेळेबाहेर लाईनीत दाब नसतो तेव्हा सांध्यातून तीच घाण आत ओढली जाते. दोन लाईनी लांब करणं हे दिसत नाही, त्यावर नारळ फुटत नाही. पण वॉर्डाच्या आरोग्याचं सगळ्यात मोठं काम तेच.

जिरावन
निर्मळ भिया, वाचून हात धुऊन आलो.

पेशवाई_फाँट
आता छपाई. समितीतले लोक मजकुरावर सहा बैठका घेतील आणि प्रेसला मोबाईलवरून पाठवून मोकळे होतील. मग जे होतं ते असं.

इंदूरच्या बहुतेक प्रेसमध्ये ऑपरेटर हिंदीचा, फाँट कृतिदेव, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या पद्धतीचा. मोबाईलवरचा मजकूर युनिकोड. तो कन्व्हर्टरमधून काढला की "ऱ्या", "ॲ" आणि "ळ" यांचा निकाल लागतो. काही ठिकाणी चौकोन, काही ठिकाणी भलतंच अक्षर. ऑपरेटर मग हाताने दुरुस्त करतो आणि त्याच्या बोटांना "ळ"ची सवय नसते. "नळ" चा "नल" होतो, "सोहळा" चा "सोहला". युनिकोड तसंच कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाकलं तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते.

उपाय : मजकूर घरीच युनिकोड फाँटमध्ये मांडा, मुक्त चांगला आहे. दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवा, म्हणजे फाँटची सोय असेल तर "ल" आणि "श" मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. फाँट आत घेऊन पीडीएफ करा आणि प्रेसला फक्त पीडीएफ द्या. "टाइप करून घेतो" म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. प्रूफ कागदावर घ्या, पडद्यावर नको. आणि ज्याने मसुदा लिहिला त्याने प्रूफ वाचू नये, त्याला चूक दिसतच नाही.

कागद ए-3, 250 ते 300 जीएसएम, हस्तिदंती रंग. मजकूर 20 पॉइंटच्या आसपास. लॅमिनेशन अजिबात नको, काही वर्षांत पिवळं पडतं, फुगे येतात आणि नंतर काढता येत नाही. फ्रेममध्ये कागद आणि काच एकमेकांना टेकता कामा नयेत. पावसाळ्यात ओल धरते आणि शाई काचेला चिकटते. म्हणून चारी बाजूंनी दीड-दोन इंचांचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट). मागची बाजू कागदी टेपने बंद करा, नाहीतर कसर आत जाते.

खपली_गहू
आणि हे मराठीतच का? वॉर्डात मराठी घरं किती? सिंधी, मालवी, गुजराती, मुसलमान वस्ती, सगळ्यांच्या पार्षद आहेत ना त्या?

मोडी_वाचक
मुद्दा रास्त. मूळ मानपत्र मराठीत, कारण समितीची भाषा ती आहे. त्याचं हिंदी रूप वेगळं लिहा, भाषांतर करू नका, आणि मंचावर दोन्ही वाचा. दोन मिनिटं मराठी, दोन मिनिटं हिंदी. एकाच कागदावर दोन भाषा कोंबल्या की ते औषधाच्या डब्यावरच्या सूचनेसारखं दिसतं.

अवांतर : शीर्षक मोडीत घ्यायची हौस कोणाला आली तर कोपऱ्यात एक ओळ चालेल. होळकर दरबाराचे कागद मोडीत आहेत हे खरं, पण 200 जणांत वाचणारे दोन निघतील आणि ते दोघे एकमेकांशी वाद घालतील.

सुदामानगरी
मंचावर खुर्ची कोणाची? ताईंच्या शेजारी त्यांचे यजमान बसणार का? इंदुरात "पार्षद पती" हे पद कायद्यात नसलं तरी मंचावर पक्कं असतं.

स्नेहलतागंज
मध्य प्रदेशात निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्यातल्या एकीचा सत्कार, तरी माइक यजमानांकडे, असं होऊ देऊ नका. यजमान, मुलं, सुना पहिल्या रांगेत. निवेदकाला आधीच बजावून ठेवा की "श्रीमती अमुक, धर्मपत्नी श्री तमुक" अशी ओळख करून द्यायची नाही. खुर्च्या पाच : ताई, अध्यक्ष, मानपत्र वाचणारी व्यक्ती, विरोधात लढलेल्यांपैकी एक, आणि वॉर्डातला सगळ्यात जुना सफाई मित्र. मानपत्र त्याच्या हातून द्या, आमदारांच्या नको.

खानदानी_इंदुरी
विरोधात लढलेला? तो येईल?

स्नेहलतागंज
आधी घरी जाऊन बोलावलं तर येतो. कार्ड पाठवलं तर येत नाही. आणि तो दोन मिनिटं बरं बोलला तर ते वजन पक्षातल्या दहा भाषणांना नसतं. अट एकच, मंचावर कोणत्याही पक्षाचा गमछा नको.

अवांतर_अण्णा
ता.क. धाग्यात सगळे नुसतं "ताई, ताई" करतायत. इंदुरात नुसतं ताई म्हटलं की सुमित्राताई महाजन. पण त्यांची सुरुवातही निगमातूनच, लोकसभेत 1989 ला गेल्या त्याआधी 1984 मध्ये उपमहापौर होत्या. तेव्हा पार्षदाला हलकं समजू नये.

निर्मळ_वॉर्ड
तारखेचा विचार केलाय का? निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते, आणि ती परिषदेची मुदत संपायच्या आधीच लागण्याचा संभव जास्त. त्या काळात सत्कार ठेवला आणि मंचावर एखादा इच्छुक बसला तर तो प्रचार समजला जाईल, सरकारी सामुदायिक भवनही मिळणार नाही. म्हणून एकतर दोन-तीन महिने आधी, किंवा निकालानंतर. निकालानंतर चांगलं, कारण नवा पार्षद समोर असतो. पण तेव्हा पावसाळा असू शकतो, म्हणून बगीचा विसरा, हॉल घ्या.

लाउडस्पीकरला एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयातून परवानगी लागते, मध्य प्रदेशचा 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम. रात्री 10 नंतर बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, म्हणजे घसा साफ करून बोलण्याइतकीच. भोंगे नको, दोन छोटे बॉक्स स्पीकर भिंतीकडे पाठ करून.

सजावटीला थर्माकोल 1 जुलै 2022 पासून बंद आहे. 100 मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनर, प्लास्टिकच्या ताटल्या-पेले, मिठाईच्या डब्यावरचं आणि निमंत्रणपत्रावरचं प्लास्टिकचं वेष्टन, हे सगळं त्याच यादीत. बॅनर कापडाचा रंगवून घ्या, 10 बाय 4 फूट पुरे, आणि त्यावर तारीख नको म्हणजे मागची बाजू पुन्हा वापरता येते. चौकात लावायचा असेल तर निगमाच्या झोन कार्यालयाची परवानगी. स्वच्छतेवर मानपत्र आणि चौकात बेकायदा फ्लेक्स, असं चित्र दिसू नये. शाल द्यायचीच तर महेश्वरी घ्या, हातमागाची.

रामबागकर (धागाकर्ता)
वर्गणीबद्दल? एका ठेकेदाराने "सगळा खर्च माझा" म्हटलंय.

आरटीआय_आजोबा
नको. एका शब्दात. ज्याची बिलं वॉर्डातून निघतात त्याचा पैसा या कार्यक्रमात आला की मानपत्र पावती होतं. दर घरी 100 रुपये, त्याहून जास्त घेऊच नका, रोख घेतली तर पावती, आणि ऑनलाइन घ्यायचे तर रहिवासी संघाच्या खात्यात. कोषाध्यक्षाच्या खासगी खात्यात घेतले की चार दिवसांत त्याच्या घरच्या पैशात मिसळतात आणि प्रामाणिक माणूसही संशयात येतो. हिशेब आठवड्याच्या आत सूचनाफलकावर. पार्षद निधीतून एक पैसा नाही, तो वॉर्डाच्या कामांसाठी आहे.

पोहेवाला_भिया
आता आमचा विभाग. 200 प्लेटी. प्लेटीला 60 ग्रॅम कोरडे जाडे पोहे, म्हणजे 12 किलो. तेल सव्वा लिटर, साखर 350 ग्रॅम, मीठ 200 ग्रॅम, बडीशेप 100, मोहरी 100, हळद 50, हिरवी मिरची 400 ग्रॅम, मटार दीड किलो. वरून शेव 3 किलो, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) पाव किलो, लिंबं 50, कोथिंबीर किलोभर, कांदा बारीक चिरून वेगळा.

12 किलो एकदम करू नका. चार-चार किलोचे तीन घाणे, अर्ध्या तासाच्या अंतराने. पोहे चाळणीत पाण्याखाली धरून अर्ध्या मिनिटात काढा, भिजत ठेवले की लगदा. मीठ, साखर, हळद ओल्या पोह्यांना आधीच लावून 15 मिनिटं ठेवा, मग फोडणी. इंदुरी पोहे कढईत परतून ठेवत नाहीत, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेवर ठेवतात. झाकण घट्ट लावलं तर वाफेचं पाणी टपकून गोळे होतात, म्हणून झाकणाखाली कोरडं सुती कापड. भाषणं लांबली तर पहिला घाणा 40 मिनिटांत कोरडा पडतो.

जलेबी दोन नग, 50-60 ग्रॅम, म्हणजे 10 ते 12 किलो, समोर काढणारा बसवा. पाणी 20 लिटरचे सहा कॅन, स्टीलचे पेले भांडी बँकेतून (कार्यक्रमांना भांडी वापरायला देणारी सोय).

जिरावन
ही या धाग्यावरची एकमेव निर्विवाद पोस्ट.

खपली_गहू
निर्विवाद कसली? साखर 350 ग्रॅम? हे पोहे की शिरा?

पोहेवाला_भिया
12 किलोला 350. पुण्याहून आलात का?

मोडी_वाचक
भाषणं लांबलीच नाही पाहिजेत. "दोन शब्द" बोलायला उठलेला माणूस वीस मिनिटं बोलतो हे गृहीत धरा आणि वक्ते तीनच ठेवा, प्रत्येकी तीन मिनिटं. निवेदकाच्या हातात देवघरातली घंटा. मग मानपत्र दोन्ही भाषांत, मग ताई, त्यांना वेळेचं बंधन नाही. हार एकच, समितीचा. बाकी ज्याला काही द्यायचं त्याने वहीत लिहावं. वही अशी : 96 पानी, रेघांची, कार्यक्रमाआधी दोन आठवडे फिरवायची, प्रत्येक गल्लीला पानं आधीच वाटून वर गल्लीचं नाव घालून. नाहीतर पहिले तिघे अर्धी वही भरतात आणि शेवटच्या गल्लीला पुठ्ठा उरतो. पेन वहीलाच दोरीने बांधा, बॉलपेन, जेलची शाई पसरते.

निर्मळ_वॉर्ड
वहीवरून आठवलं. अजून एक वही हवी, वॉर्डाची. पार्षद बदलतो तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान कशाचं होतं? माहितीचं. कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडला गेलाय, कोणतं चेंबर डांबराखाली गेलंय, हे पंधरा वर्षं डोक्यात असतं आणि त्या डोक्याबरोबर घरी जातं.

प्रत्येक व्हॉल्व्ह आणि चेंबर दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजा, "मंदिराच्या ओट्याचा कोपरा 4.20 मीटर, विजेचा खांब 2.75 मीटर". एकाच खुणेपासून मोजलं तर वर्तुळभर खोदत बसावं लागतं. मोबाईलचं लोकेशन यासाठी कामाचं नाही, त्यात काही मीटरची चूक असते. खांबांचे क्रमांक. बगिच्यातल्या बोअरिंगची खोली, मोटर किती हॉर्सपॉवरची, कोणत्या खोलीवर सोडलीय. पाणी सुटण्याच्या वेळा गल्लीवार. अर्धवट फायली, आवक क्रमांक आणि दिनांकासकट. निगमाच्या 311 ॲपवर किंवा राज्याच्या 181 हेल्पलाइनवर पडून असलेल्या तक्रारींचे क्रमांक. निराधार पेन्शनच्या अडकलेल्या प्रकरणांची फक्त संख्या. लोकांचे आधार क्रमांक आणि फोन या वहीत अजिबात घालू नका.

ताईंना सोबत घेऊन तीन रविवार वॉर्ड फिरलं की हे होतं. मानपत्र दिल्यावर ताईंनी ही वही नव्या पार्षदाच्या हातात मंचावरच द्यावी.

खानदानी_इंदुरी
या वहीसाठी मी 100 नाही, 200 देतो.

आरटीआय_आजोबा
जास्त घ्यायचे नाहीत असं ठरलंय. 100 च द्या आणि टेपचं दुसरं टोक धरायला या.

रामबागकर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. मसुदा पुन्हा लिहिला. जिथे टिंबं आहेत तिथे आकडे निगमाच्या कागदांवरून येतील.

"सप्रेम नमस्कार. आपण 2010 ते 2020 आणि 2022 ते 2027 अशी पंधरा वर्षं या वॉर्डाच्या पार्षद आहात. मधली अडीच वर्षं पद नव्हतं, तेव्हाही दार उघडं होतं. गल्ली 3 ते 7 मधील … मीटर ड्रेनेज लाईन आपण बदलून घेतलीत आणि ती नळाच्या लाईनीपासून वेगळी केलीत. बॅकलेनमधली बांधकामं काढायला आपण स्वतः घरोघरी गेलात, काही घरांनी अजून क्षमा केलेली नाही, लेन मात्र स्वच्छ आहे. नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवसच येतं, पण कोणत्या वेळेला येणार हे आता सर्वांना माहीत आहे. शाळेमागच्या रस्त्याचं काम राहिलं, त्याची फाइल आपण वहीत लिहून दिली आहे. या कामांची ही पोच. आपण वॉर्डातच राहता, म्हणून निरोप देत नाही."

मोडी_वाचक
राहिलेलं काम मानपत्रात? समिती मानेल?

रामबागकर (धागाकर्ता)
समिती नको म्हणत होती. ताईंनीच सांगितलं, राहू द्या.

खानदानी_इंदुरी
मग माझा आक्षेप मागे. "क्षमा केलेली नाही" वालं एक घर आमचंच, तेही राहू द्या.

पेशवाई_फाँट
नमुना छापून पाहिलात का? पीडीएफच दिलीत ना?

रामबागकर (धागाकर्ता)
समितीतल्या एकाने घाईत मोबाईलवरूनच पाठवलं. पहिल्या प्रूफात "नल" आलं. ऑपरेटरला सांगितलं, भिया, मराठीत इथे "ळ" लागतो. त्याने मनावर घेतलं. दुसऱ्या प्रूफात "नळ" आहे, आणि "गळ्ळी 3 ते 7", "बॅकळेन" आणि "स्वच्छ ळेन" पण आहे.

पेशवाई_फाँट
पीडीएफ पाठवा. आत्ता.